सहलीच्या जाहिरातीत मुक्कामाची उंची छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की मराठी वृत्तपत्रांची पर्यटन पाने लडाखच्या निळ्या तळ्यांनी भरून जातात. सहा रात्री, सात दिवस, पुणे ते पुणे, शुद्ध शाकाहारी जेवण, सोबत आपला स्वयंपाकी, एका रात्री पुरणपोळी. जाहिरातीत सगळे असते. कोणत्या रात्री किती मीटर उंचीवर झोपायचे आहे, तेवढे मात्र नसते. त्या प्रवासात प्रकृती ज्या आकड्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते तोच आकडा गाळला जातो. तो छापला जावा, एवढीच आमची मागणी आहे. ती का, हे सांगायला थोडी जास्त जागा लागेल, ती कृपया द्यावी.

लडाखात झाडे नाहीत म्हणून प्राणवायू कमी, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. झाडांचा इथे काही संबंध नाही. मुंबईच्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो, लेहच्या हवेतही तेवढाच आणि खार्दुंग ला खिंडीतही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो. लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, तो ५०० च्या आसपास येतो आणि ५,३५९ मीटरवरच्या खार्दुंग लाला ४०० च्या. श्वासाबरोबर आत गेलेली हवा शरीर आधी ओली करते. त्या वाफेचा ४७ मिलिमीटर दाब वजा करून उरलेल्याचे २१ टक्के काढले, तर ऑक्सिजनच्या वाट्याला मुंबईत सुमारे १५० मिलिमीटर येतात, लेहला ९५ आणि खार्दुंग लाला ७४. पुण्याहून नेलेले बाकरवडीचे पाकीट लेहच्या खोलीत टम्म फुगते ते याच कमी दाबामुळे. कुकरशिवाय डाळ शिजत नाही तीही यामुळेच. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते.

महाराष्ट्राचे सर्वांत उंच टोक कळसूबाई, १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीत आयुष्यभर भटकंती केली तरी शरीराची या हवेशी ओळख होत नाही. हरिश्चंद्रगड सहज चढणाऱ्याला लेहमध्ये काही होणार नाही, हा समज चुकीचा आहे. तंदुरुस्ती चढ चढायला उपयोगी पडते, पण विरळ हवेशी जुळवून घेण्याचा वेग तिने वाढत नाही. उलट धडधाकट तरुण पहिल्याच दिवशी शांती स्तुपाच्या पायऱ्या धावत चढतो आणि रात्री डोके धरून बसतो.

शरीर काय करते ते पाहू. मानेत दोन्ही बाजूंना, रोहिणी जिथे दुभागते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक असतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की ते मेंदूला श्वास वाढवायला सांगतात. श्वास वाढला की ऑक्सिजन थोडा सुधारतो, पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम ढिला व्हायचा तर मूत्रपिंडांनी रक्तातले अल्कधर्मी बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकायला हवे. त्याला दोन ते चार दिवस लागतात, आणि तेवढे दिवस थांबणे हाच सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे. लेहला पोहोचल्यावर सारखे लघवीला होते म्हणून काही जण पाणी पिणे तोडतात. तसे करू नये, ते शरीर कामाला लागल्याचे लक्षण आहे. तांबड्या पेशी वाढतात हे खरे, पण त्याला काही आठवडे लागतात. सात दिवसांच्या सहलीत त्या मदतीला येत नाहीत.

विमानाने जाणाऱ्याला हा बदल दिल्लीपासून दीड तासात सोसावा लागतो. एरवी विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो; लेहला उतरताना तो कमी होतो, कारण केबिनमधली हवा फार तर २,४०० मीटर उंचीइतकी विरळ असते आणि विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. उतरल्यावर पहिले काही तास बरे वाटते आणि तिथेच माणसे फसतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, चक्कर, गळून जाणे ही पर्वतीय आजाराची लक्षणे साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळच्या विमानाने गेलेल्याला संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतात. तोवर बाजार हिंडून झालेला असतो.

आता रात्रीविषयी, कारण घाबरून डॉक्टरांना फोन केले जातात ते रात्री. शेजारी झोपलेल्याचा श्वास ऐकून नातेवाईक घाबरतात. चार-पाच खोल श्वास, मग ते उथळ होत जातात, मग श्वास पूर्ण थांबतो. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग एकदम मोठा उसासा आणि पुन्हा तेच चक्र. कधी झोपलेला माणूस गुदमरल्यासारखा दचकून उठून बसतो. हे भयंकर दिसते, पण बहुतेक वेळा हा आजार नसतो. इमारतीच्या गच्चीवरच्या सोलरचे गरम पाणी खालच्या मजल्यावर मिसळून घेताना जे होते, तेच इथे होते. नळ फिरवला तरी पाणी बदलायला काही सेकंद लागतात, म्हणून आपण जास्त फिरवतो. मग एकदम पोळते, पुन्हा उलटा फिरवतो, मग एकदम गार. फुफ्फुसातल्या रक्ताची खबर मानेतल्या संवेदकांपर्यंत पोहोचायलाही असाच वेळ लागतो, आणि विरळ हवेत ते संवेदक जास्तच हळवे झालेले असतात. जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड इतका घटतो की मेंदूला श्वास घ्यायचे कारणच उरत नाही. श्वास थांबला की ऑक्सिजन घसरतो, मग पुन्हा जोरात श्वास. जागेपणी मेंदूचा वरचा थर यावर नजर ठेवतो. झोपेत ती नजर सुटते.

परिणाम असा की गाढ झोप कमी होते, वारंवार जाग येते, आणि आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी रात्रभर प्रवास केल्यासारखे वाटते. झोप न लागणे पूर्वी पर्वतीय आजाराच्या गुणांकनात धरले जाई. २०१८ च्या सुधारित लेक लुईस गुणांकनातून ते काढून टाकले, कारण उंचीवर झोप बिघडते ती आजारी नसलेल्यांचीही. म्हणून नुसती झोप लागली नाही एवढ्यावरून घाबरू नये. पण झोप यावी म्हणून घेतलेले दोन पेग किंवा घरून आणलेली अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी गोळी इथे घातक ठरू शकते. ती श्वासाची प्रेरणाच मंदावते, आणि रात्री ऑक्सिजन आधीच खाली गेलेला असतो. पहिल्या तीन रात्री दारू नको, हे सांगणारा सहल आयोजक अप्रिय होत असेल, पण तो योग्यच सांगतो.

इथे फरक ओळखायला शिकायला हवे. झोपेतला तुटक श्वास माणूस जागा होऊन बसला की मिनिटाभरात सरळ होतो. फुफ्फुसात पाणी होऊ लागले असेल तर तसे होत नाही. जागेपणी, बसल्या जागीही दम लागलेला असतो, आडवे झाल्यावर तो वाढतो, नाडी जलद असते आणि कोरडा खोकला सुरू होतो. त्याआधी दिवसा हाच माणूस सगळ्यांच्या मागे पडत असतो. हा आजार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो. थुंकीत गुलाबी फेस दिसेपर्यंत वाट पाहू नये, तोवर बराच उशीर झालेला असतो. मेंदूला सूज येते तेव्हा माणूस असंबद्ध बोलतो, चिडचिड करतो किंवा झिंगल्यासारखा चालतो. त्याला एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. जमले नाही तर सकाळची वाट न पाहता खाली न्यावे. या दोन्ही आजारांत खरा इलाज एकच: निदान हजार मीटर खाली उतरणे आणि वाटेत ऑक्सिजन. निफेडिपिन, डेक्सामेथासोन ही औषधे आहेत, पण ती डॉक्टरच्या हातात आणि उतरण्याच्या जोडीला, उतरण्याऐवजी नव्हे.

लडाखच्या सात दिवसांच्या बहुतेक कार्यक्रमांची खोट याच ठिकाणी आहे. पहिली रात्र लेह. दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोरे, मुक्काम तिथल्या हुंडरला. तिसऱ्या रात्री थेट पँगॉन्ग तळ्याच्या काठावर तंबूत. लोक खार्दुंग लाला घाबरतात, कारण तिथे फलक आहे, फोटो आहे, चहाची टपरी आहे. पण खिंडीत पंधरा-वीस मिनिटे थांबून खाली उतरणाऱ्याला सहसा फार काही होत नाही, आणि हुंडर सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. नुब्राची रात्र सोपी. धोका आहे तो पँगॉन्गच्या रात्रीत. तळ्याकाठच्या स्पांगमिकचे तंबू सुमारे ४,२५० मीटरवर आहेत आणि तिथे झोपायचे ते तिसऱ्या रात्री, म्हणजे फुफ्फुसांच्या आजाराची जी वेळ, नेमकी त्या वेळी.

शिवाय नकाशावर न दिसणारी एक अडचण आहे. पँगॉन्गहून लेहला उतरायचे तर आधी वर चढावे लागते. वाटेत सुमारे ५,३६० मीटरवरची चांग ला खिंड आडवी येते. रात्री दोन वाजता दम लागलेल्या माणसाला आणखी हजार मीटर वर नेऊन मग खाली आणायचे! जवळचा आधार टांगत्सेच्या आरोग्य केंद्राचा, तोही साडेतीन हजार मीटरच्या बराच वर. खिंड न चढता उतरणारा रस्ता श्योक नदीच्या काठाने नुब्राकडे जातो, पण तो लांब आहे आणि पाणी किंवा दरड आली की बंद पडतो. मनाली मार्गावर सरचूची गत अशीच आहे. मुक्काम ४,२९० मीटरवर आणि दोन्ही बाजूंना त्याहून उंच खिंडी. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये इतक्या लवकर पोहोचता येते की दुसरी रात्र सरचूला टाकण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ३,२०० मीटरवरच्या जिस्पाला दोन रात्री काढून पहाटे निघावे आणि एका दिवसात लेह गाठावे. प्रवास कंटाळवाणा होतो, पण झोपणे सुरक्षित होते.

तुलनेसाठी लष्कराचे वेळापत्रक पाहा. २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात जवानाला सहा दिवस दिले जातात, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. ४,५०० पर्यंतच्या पुढच्या टप्प्याला आणखी चार दिवस, त्याहून वर आणखी चार. हे नियम कुणाच्या भित्रेपणातून आलेले नाहीत. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर मैदानी प्रदेशातून एकदम उंचीवर पाठवलेल्या जवानांनी त्याची किंमत मोजली आहे. भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला १,९२५ जवानांचा अभ्यास आजही जगभर या विषयातला पायाभूत मानला जातो. विशी-पंचविशीतल्या, निवडलेल्या, तपासलेल्या जवानाला जिथे दहा दिवस, तिथे आपण निवृत्त शिक्षक काकांना तिसऱ्या रात्री नेऊन झोपवतो.

पर्यटकाला दहा दिवस परवडत नाहीत, हे मान्य. तरी ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र वाढ न करता काढावी, हा गिर्यारोहण वैद्यकाचा नियम नजरेसमोर ठेवता येतो. पहिल्या तीन रात्री लेह, पुढच्या दोन नुब्रा, मग पँगॉन्ग, मग परत लेह. फक्त एक रात्र वाढते. यातही पँगॉन्गची उडी नियमात बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणून साठीच्या पुढच्यांनी, लहान मुलांनी आणि ज्यांचे डोके लेहमध्ये दोन दिवसांनंतरही दुखते त्यांनी पँगॉन्ग दिवसा पाहून लेहला परतावे. जाऊन-येऊन दहा तास गाडीत जातात. रात्रीचे तारे हुकतात. हुकू द्यावेत. श्रीनगर, कारगिल (२,६७६ मीटर) असे टप्प्याटप्प्याने रस्त्याने गेल्यास लेहला पोहोचेपर्यंत शरीर बरेच तयार झालेले असते.

करोनानंतर प्रत्येकाच्या खिशात पल्स ऑक्सिमीटर आला आणि त्याबरोबर नवी भीतीही. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९२ आकडा येणे नेहमीचे आहे. पुण्यात ८८ दिसले तर रुग्णालयात धावायचे, लेहमध्ये हसत-बोलत जेवणाऱ्याच्या बोटावर ८८ दिसले तर काहीच करायचे नाही. बोट गार असेल, नखाला रंग किंवा गडद मेंदी असेल, उन्हात मोजले असेल तर आकडा खोटा येतो. हात चोळून गरम करावा, पाच मिनिटे बसावे, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यावा. मोजताना दीर्घ श्वसन करून आकडा वर चढवून दाखवणारेही असतात. त्यांनी स्वतःशिवाय कुणाला फसवले? उपयोगी माहिती मिळते ती तुलनेतून. एकाच खोलीतल्या चौघांचे आकडे ८७, ८९, ८६ आणि ७४ असतील तर चौथ्याकडे बघा. आणि एक गोष्ट हे यंत्र कधीच सांगत नाही. बंद खोलीत किंवा तंबूत सिगडी, गॅसचा हीटर, धूर नीट बाहेर न जाणारी बुखारी (खोली तापवायची शेगडी) लावून झोपलेल्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला असला, तरी ते खुशाल ९५ दाखवते. डोके दुखते ते उंचीमुळे असे समजून खिडकी आणखी घट्ट लावली जाते. खोलीत काहीही जळत असेल तर झोपण्यापूर्वी ते विझवावे.

बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या हलक्या डब्यांबद्दल गणितच करावे. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटे पुरतो. तेवढ्यात मनाला धीर येतो, आजार आहे तिथेच राहतो. बी प्रकारच्या रुग्णालयीन सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. त्याच वेगाने तो बारा तास पुरतो. गाडीत काय आहे, डबा की सिलिंडर, त्याला रेग्युलेटर आणि मास्क जोडलेला आहे का, आणि तो उघडता कोणाला येतो, हे निघण्यापूर्वी विचारावे. कापराच्या पुरचुंडीने नाकात गार वाटते, रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. ती लहान मुलांच्या हाती तर देऊच नये. कापूर पोटात गेला तर फेफरे येऊ शकते.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात ते औषध. वर सांगितलेला श्वासाचा लगाम ते लवकर सोडवते, मूत्रपिंडांना बायकार्बोनेट टाकायला लावते आणि रात्रीचा तुटक श्वासही बराच सरळ करते. प्रौढांसाठी प्रतिबंधाची नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० ची अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ. निघण्याच्या आदल्या दिवसापासून आणि पोहोचल्यावर दोन ते चार दिवस. बोटांना मुंग्या येतात, सोडावॉटर बेचव लागते. त्याने घाबरू नये. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण गोळी घेतली म्हणून तिसऱ्या रात्री पँगॉन्ग चालेल, असा तिचा अर्थ काढला जातो, तो चूक आहे.

काही जणांनी आधीच विचार करावा. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, फुफ्फुसांचा जुना विकार किंवा फुफ्फुसातल्या रक्तदाबाचा त्रास असलेले, गरोदर स्त्रिया यांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासात थांबवू नयेत. सर्दी-खोकला, ताप असताना चढू नये. फुफ्फुसात पाणी होण्याची शक्यता त्याने वाढते. स्लीप ॲप्नियाचे (झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचे) यंत्र वापरणाऱ्यांनी ते सोबत न्यावे, त्याचा दाब उंचीप्रमाणे आपोआप जुळतो का ते पाहावे आणि तंबूत रात्रभर वीज असते का ते विचारावे, बहुधा नसते. महाराष्ट्रासाठी खास एक बाब. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. आजार असलेल्यांनी या उंचीवर जाऊ नये. नुसत्या वाहकांना एरवी काही होत नाही, पण उंचीवर त्यांच्या प्लीहेचा (पानथरीचा) रक्तपुरवठा तुटल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखू लागले तर ते गॅसेस नव्हेत.

केदारनाथबद्दल थोडेसे. गौरीकुंड १,९८२ मीटरवर, मंदिर ३,५८३ वर, म्हणजे लेहपेक्षाही किंचित वर. हेलिकॉप्टरने काही मिनिटांत चढून दोन-तीन तासांत परतणाऱ्याला डोकेदुखीचा आजार व्हायला वेळच मिळत नाही. तिथे ताण येतो तो हृदयावर, थंडी आणि कमी ऑक्सिजन दोन्ही एकदम अंगावर आल्याने. उपाशीपोटी, सकाळची गोळी न घेता रांगेत उभे राहणे तिथे तरी टाळावे.

तर मागणी अशी. सहल आयोजकांनी जाहिरातीत आणि आपण पर्यटन पानावरच्या लेखांत कार्यक्रमाखाली रात्रीची उंची द्यावी: 'रात्र १, २, ३ लेह ३,५०० मी.; रात्र ४, ५ हुंडर ३,१०० मी.; रात्र ६ स्पांगमिक ४,२५० मी.; रात्र ७ लेह. गाडीत १,५०० लिटरचा ऑक्सिजन सिलिंडर.' पुरणपोळीच्या ओळीखाली एवढी जागा निघू शकेल.

कळावे,
आपले,
उंचीवरील आजारांचा अभ्यास असलेले काही डॉक्टर व गिर्यारोहक, पुणे